उर्दू मजकुरामागे रंगाचा पट्टा: उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत हायलाइट कसं बसवायचं?

महालकर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. मराठी शाळेत शिकलेल्या मोठ्या माणसांना उर्दू वाचता यावं म्हणून एक पुस्तक तयार होतंय. मजकूर कामठीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा, पानं लावायचं काम माझ्याकडे. एका पानावर उर्दू धडा, समोरच्या पानावर तोच मराठीत. नवा शब्द पिवळ्या पट्ट्यावर, क्रियापद फिकट हिरव्यावर, आणि समोरच्या पानावर त्याच शब्दाला तोच रंग, अशी बाईंची मांडणी आहे.

ही सजावट नाही. 'दरवाज़ा' हा शब्द घ्या. दाल, रे, वाव, अलिफ, ज़े, हे. यातलं पहिल्या पाचांपैकी एकही अक्षर पुढच्याला जुळत नाही, म्हणजे एकाच शब्दात पाच फटी. आणि दोन शब्दांमधली जागा नस्तालीकमध्ये (उर्दू छपाईतली नेहमीची, उतरत जाणारी लिपीशैली) बरेचदा या फटींहून फारशी मोठी नसते. देवनागरीत शब्द कुठे संपला ते शिरोरेषा सांगते, उर्दूत नवशिक्याला ते सांगणारं काहीच नाही. पट्टा शब्दाची हद्द दाखवतो. तो चुकीच्या जागी सुरू झाला किंवा अर्ध्यात संपला तर वाचणारा शब्दच चुकीचा शिकेल.

सगळं लाटेकमध्ये आहे, म्हणजे कमांड लिहून पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. झीटेक इंजिन, भाषांसाठी पॉलीग्लॉसिया पॅकेज, फाँट नोटो नस्तालीक उर्दू. शब्दांची एकच यादी ठेवली आहे, त्यावरून दोन्ही पानांवर रंग आपोआप लागतो, म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं नाही.

पट्ट्यासाठी छोटा मॅक्रो (स्वतः बनवलेली कमांड) लिहिला: एचबॉक्समध्ये (आडव्या पेटीत) शब्द ठेवून रुंदी मोजायची, तेवढी रंगीत रेघ ओढायची, तेवढंच मागे यायचं, मग शब्द छापायचा. मराठी पानावर छान चालतो. उर्दू पानावर एक शब्द नीट येतो, पण दोन-तीन शब्दांचा समूह दिला की शब्दांचा क्रम उलटतो. मॅक्रोच्या आत बिगिनआर आणि एंडआर (उजवीकडून डावीकडची दिशा सुरू आणि बंद करणाऱ्या कमांड) टाकलं तर क्रम सुधारतो, पण पट्टा अक्षरांच्या वर चढतो आणि शब्द दिसतच नाही. सोल पॅकेजचं एचएल (हायलाइटची कमांड) वापरलं तर अक्षरं सुटी होतात. कोणी या वाटेनं गेलं आहे का?

(कमांड देवनागरीत लिहितोय, बॅकस्लॅश आणि कंस आपापले लावून घ्यावेत.)

टेकमास्तर:

महालकर, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. एकेक घेऊ.

क्रम उलटण्याचं कारण जुनं आहे. टेकचा, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीचा, मूळ हिशेब डावीकडून उजवीकडचा. १९८७ मध्ये डोनाल्ड कनुथ आणि पिअर मॅके यांनी दोन्ही दिशांचा मजकूर एकत्र जुळवायची पद्धत मांडली, आणि तीच थोड्या फरकानं ई-टेकमधून झीटेकपर्यंत आली. या पद्धतीत प्रत्येक नवी पेटी डावीकडून उजवीकडेच सुरू होते, बाहेरची ओळ उर्दू असली तरी. एका शब्दाच्या आतली अक्षरं फाँटच जुळवतो, म्हणून एकटा शब्द नीट दिसतो. शब्दाशेजारी शब्द मांडायचं काम पेटी करते, आणि पेटीला कोणी सांगितलेलं नसतं की आपण उर्दूत आहोत. दोन दिशांच्या मजकुरासाठीचं बिडी पॅकेज नेहमीच्या बऱ्याच कमांडना हे आतून सांगतं (म्हणूनच ते बहुतेक पॅकेजेसच्या नंतर लोड करावं लागतं), पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या कच्च्या एचबॉक्सपर्यंत ते पोचत नाही.

आता पट्टा वर का चढतो. बिगिनआर आणि एंडआर यांच्यामधली सगळी यादी छपाईच्या वेळी उलटी केली जाते. तुमची यादी होती: रेघ, मागे येणं, शब्द. उलटली की झाली: शब्द, मागे येणं, रेघ. शब्द आधी छापला गेला, त्यावर रेघ. पट्टा आपल्या जागी बरोबर आहे, फक्त उशिरा आला.

म्हणून पेट्या दोन हव्यात. बाहेरची पेटी डावी-उजवीच राहू द्या. तिच्यात क्रमानं रेघ, मागे येणं आणि आतली पेटी. बिगिनआर आणि एंडआर फक्त त्या आतल्या पेटीत, शब्दांभोवती. बाहेरची पेटी उर्दू ओळीत गेली की ओळीसाठी ती एकच ठोकळा असते. ओळ उलटली तरी पेटीच्या आतलं काही उलटत नाही.

हेच कारण रंगालाही लागू होतं. रंग सुरू करण्याची आणि संपवण्याची खूण उर्दू ओळीत मोकळी टाकली तर त्याही उलटतात, आधी 'संपला' येतो आणि मग 'सुरू'. कलर स्टॅक अंडरफ्लो अशी सूचना दिसली तर समजा, एखादी रंगाची खूण पेटीबाहेर राहिली आहे.

शाईवाली:

सोलचं सांगते, कारण ते आपल्या मराठीतही होतं. सोल मजकूर तुकड्या-तुकड्यानं हातात घेतं, मोजतं आणि पुन्हा मांडतं. रोमन लिपीत तुकडा म्हणजे अक्षर, तिथे काही बिघडत नाही. देवनागरीत 'क्लिष्ट' दिलं की मात्रा वेगळी पडते आणि पोकळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. उर्दूत 'नागपुर' दिलं तर नून-अलिफ जुळायला हवं, गाफ-पे-वाव जुळायला हवं, रे एकटा. म्हणजे तीन गट. सोलमधून गेलं की सहा अक्षरं सहा ठिकाणी. जुळणारी लिपी कुठलीही असो, अक्षरं तोडून मोजणारं साधन तिथे चालायचं नाही. उर्दूसाठी तर सोल विसराच.

बर्डी_डीटीपी:

सीताबर्डीत पंधरा वर्षांहून जास्त काळ डीटीपी करतोय, मराठी आणि उर्दू दोन्ही. इनडिझाइनमध्ये आम्ही यासाठी वेगळी पेटी करतच नाही. वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिपी जुळवणारा पर्याय) चालू, कॅरेक्टर स्टाइलमध्ये अंडरलाइन, तिची जाडी अक्षराच्या उंचीएवढी वाढवायची आणि ऑफसेट उणे करून वर सरकवायची. अंडरलाइन अक्षरांच्या मागे जाते, ओळ मोडली तिथे आपोआप तुटते, दिशा बदलली तरी मजकुराबरोबर राहते. वर्डमध्ये हायलाइटरचे पंधराच रंग मिळतात, फिकट हिरवा हवा असेल तर शेडिंग घ्या.

तुम्ही लाटेक सोडणार नाही हे वाचलं, तरी एक गोष्ट घ्या: अंडरलाइनची जाडी सगळ्या शब्दांना सारखी असते. पट्टा शब्दाच्या उंचीवर ठरवू नका. नस्तालीकमध्ये फार वाईट दिसतं.

कामठी_लाईन:

बर्डीवाल्या दादांचं शंभर टक्के बरोबर. भाऊ, नस्तालीकचं गणितच वेगळं आहे. नस्ख (अरबी छपाईतली नेहमीची शैली) सपाट चालते, नस्तालीक उतरत चालते. जोडगट वरून सुरू होतो आणि डावीकडे जाता जाता खाली ओळीवर येऊन टेकतो. गटात अक्षरं जितकी जास्त, सुरुवात तितकी वर.

'दरवाज़ा' आणि 'मुस्तक़िल' शेजारी ठेवून पाहा. दरवाज़ातली सगळी अक्षरं सुटी, सगळी खाली बसून राहिली आहेत, वर फक्त अलिफ. मुस्तक़िलमध्ये मीम, सीन, ते, क़ाफ़, लाम, पाचही एकाच गटात, आणि मीम जाऊन बसतो पार वर. शब्दाच्या मापानं पट्टा काढला तर एक बुटका, एक उंच, आणि ओळभर पायऱ्या दिसतात. शिकणाऱ्याला वाटते उंच पट्ट्याचा काही वेगळा अर्थ आहे, काहून का त्याला रंगाचा अर्थ सांगितलेला असते.

उंची आणि खोली ठरवून टाका. पुस्तकातला सगळ्यात उंच जोडगट शोधा, त्याची उंची घ्या. खोलीसाठी ज्यांचं पोट खाली जाते असे शेवटचे जीम, ऐन, लाम पाहा. त्या मापाचा अदृश्य स्ट्रट (शून्य रुंदीची उभी रेघ) प्रत्येक पट्ट्यात टाका. मग दरवाज़ा असो की मुस्तक़िल, पट्टा एकच.

महालकर:

टेकमास्तर, दोन पेट्यांनी काम झालं, क्रमही नीट आणि पट्टाही मागे. कामठीवाले दादा, स्ट्रट टाकल्यावर पायऱ्या गेल्या. बाईंना नमुना पाठवला तर त्यांनी लगेच विचारलं, दुसऱ्या ओळीतला पट्टा पहिल्या ओळीतल्या ऐनचं पोट का खातो? खरंच खातोय. आणि तीन शब्दांचा समूह ओळीच्या शेवटी आला तर पट्टा तुटत नाही, समासात घुसतो.

टेकमास्तर:

पोट खाण्याचं कारण छपाईच्या क्रमात आहे. पान वरून खाली छापलं जातं. दुसऱ्या ओळीचा पट्टा पहिल्या ओळीच्या अक्षरांनंतर येतो, म्हणून पट्टा जिथे वर पोचतो तिथलं पहिल्या ओळीचं खाली आलेलं अक्षर झाकलं जातं. पट्ट्याची उंची आणि वरच्या ओळीची खोली मिळून ओळअंतरापेक्षा कमी असेल तर काही झाकलं जात नाही. नस्तालीकला ओळअंतर एरवीही अक्षराच्या दुपटीहून जास्त लागतं. अठरा पॉइंटचं अक्षर असेल तर चाळीस पॉइंटच्या आसपास ठेवून पाहा. कागद वाढेल, पण शिकणाऱ्याच्या पुस्तकात ती जागा वाया जात नाही, तिथे तो पेन्सिलनं लिहितो.

समासाचा प्रश्न सरळ आहे, पेटी तुटत नाही. म्हणून समूहाला एक पेटी नको, प्रत्येक शब्दाला वेगळी पेटी द्या. मग शब्दांमधली जागा पांढरी राहते. ती भरायला लीडर्स (मोकळी जागा रेघेनं किंवा पेट्यांनी भरणारी कमांड) वापरा. लीडर्स ओळ ताणली की ताणतात, आणि ओळ तिथेच मोडली तर आपोआप गायब होतात, नेमकं हेच आपल्याला हवं आहे. फक्त एक काळजी: साधी रेघ घालून तिच्या आजूबाजूला रंगाच्या खुणा टाकल्या तर त्या उलटतील, वर सांगितलं तसं. त्याऐवजी ०.१ पॉइंट रुंदीची छोटी पेटी करा, रंग आणि रेघ दोन्ही तिच्या आत, आणि ती पेटी लीडर्सनी पुन्हा पुन्हा मांडा. रंग पेटीच्या आत असल्यामुळे दिशेचा त्रास उरत नाही.

ज्यांना नवं काम सुरू करायचं आहे त्यांनी लुआटेक हे दुसरं इंजिन जरूर पाहावं. टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ (फाँटची अक्षरं जुळवणारी प्रणाली) आलं आहे, नस्तालीकसारख्या फाँटला ते लागतंच. बेबेल या भाषांसाठीच्या पॅकेजचा बिडी-बेसिक पर्याय तिथे युनिकोडच्या नियमानं दिशा ओळखतो. मार्सेल क्रुगर यांचं लुआ-यूएल पॅकेज पट्टा ओळी मोडून झाल्यावर ओढतं, म्हणून अक्षरं तुटायचा प्रश्नच येत नाही. उर्दू मजकुरावर आधी एक परिच्छेद चाचणी करा, विशेषतः जिथे दिशा मधेच बदलते तिथे. महालकरांचं पुस्तक झीटेकमध्ये बसलेलं आहे, अर्ध्यात इंजिन बदलू नये असं माझं मत.

महालकर:

लीडर्सचा उपाय लावला, समूह आता ओळीच्या शेवटी नीट तुटतो. पुढचा अडथळा सीताबर्डीच्या धड्यात. १८१७ च्या लढाईवरचा धडा आहे, त्यात उर्दू वाक्यात 'सीताबर्डी किल्ला' देवनागरीतच ठेवलं आहे. बाईंना त्याआधीचा उर्दू शब्द आणि 'सीताबर्डी' असं दोन्ही मिळून पिवळं हवं, 'किल्ला' नको. पानावर पाहिलं तर पिवळा उर्दू शब्द, मग बिनरंगाचा 'किल्ला', मग पिवळं 'सीताबर्डी'. पट्ट्याचे दोन तुकडे झाले.

टेकमास्तर:

यंत्रानं बरोबर केलं आहे. वाक्य उजवीकडून येतं, आधी उर्दू शब्द. मग देवनागरीचा तुकडा येतो, तो मात्र आत डावीकडून उजवीकडे वाचायचा. म्हणजे त्या तुकड्यात 'सीताबर्डी' डाव्या टोकाला आणि 'किल्ला' उजव्या टोकाला, उर्दू शब्दाला लागून. वाचनाच्या क्रमानं सलग असलेला मजकूर कागदावर सलग राहत नाही. माऊसनं मिश्र वाक्य निवडताना निवड मधेच फाटलेली दिसते, तेही यामुळेच. युनिकोडच्या द्विदिशा नियमांचं काम असंच चालतं, पट्टा नेहमी वाचनाच्या क्रमाला लागतो.

इथे मांडणीच बदला. एक तर पूर्ण 'सीताबर्डी किल्ला' रंगवा, नाहीतर नाव उर्दू लिपीत लिहा. पट्ट्याची हद्द दोन दिशांच्या मध्ये पडेल असं लिहूच नका, शिकणाऱ्यासाठी तर मुळीच नको.

वेबवाला_धरमपेठ:

याच पुस्तकाची वेबआवृत्ती काढणार असाल तर मार्क हा टॅग वापरा, आणि बाहेरच्या घटकाला डीआयआर आरटीएल (दिशा उजवीकडून डावीकडे) द्या. पट्ट्याला डावी-उजवी पॅडिंग (कडेची मोकळी जागा) देऊ नका, पॅडिंग-इनलाइन-स्टार्ट द्या, म्हणजे दिशेनुसार बाजू आपोआप बदलते. ओळ मोडली तिथे पट्ट्याची टोकं नीट हवी असतील तर बॉक्स-डेकोरेशन-ब्रेक क्लोन. मात्र शब्दाचा फक्त काही भाग रंगवायचा असेल तर पॅडिंग शून्य ठेवा. पॅडिंग आलं की ब्राउझर तिथे अक्षरांची जोडणी तोडतो, आणि सीएसएसच्या (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमात तसंच लिहिलेलं आहे.

मिश्र मजकुराचे तुकडे बीडीआय टॅगमध्ये ठेवा. युनिकोड ६.३ मध्ये, २०१३ साली, जी आयसोलेट चिन्हं (तुकड्याची दिशा आजूबाजूच्या मजकुरापासून वेगळी ठेवणारी) आली त्यांचंच काम तो टॅग करतो.

शाईवाली:

शब्दाच्या भागावरून विचारते. क्रियापदाचा फक्त प्रत्यय हिरवा करायचा असेल तर? शिकवताना ते फार कामाचं आहे.

कामठी_लाईन:

ताई, नस्खमध्ये जमते. शब्द तोडला तिथे दोन्ही तुकड्यांना झीरो-विड्थ जॉइनर (अक्षराला जोडाचं रूप देणारं अदृश्य चिन्ह) लावला की अक्षरं जोडाचं रूप धरून ठेवतात, आणि पट्टा मधे बसतो. नस्तालीकमध्ये जमत नाही. तिथे अक्षर किती वर बसायचं हे त्याच्या पुढे किती अक्षरं जुळली आहेत त्यावर ठरते. शब्द तोडला की पहिल्या तुकड्याला पुढची अक्षरं दिसतच नाहीत, तो खाली येऊन बसतो, आणि जोड तुटल्यासारखा दिसते. नूरी नस्तालीकच्या जातीचे फाँट असतील तर आणखी कठीण, त्यात हजारो जोडगट एकेक ठोकळा म्हणून कोरलेले आहेत. पूर्ण ठोकळा रंगवा, अर्धा रंगवता येत नाही. प्रत्यय दाखवायचा असेल तर बाजूला तोच शब्द नस्खमध्ये छोटा लिहा आणि तिथे रंग द्या. मी शिकवणीच्या पानांत असंच करतो.

ऑफसेट_इतवारी:

छपाईचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं काम इतवारीत, दोन रंगी आणि चार रंगी दोन्ही. पिवळा सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शायांत) द्या, आरजीबी (पडद्याचे रंग) नको. पट्ट्याला पिवळ्याचा तीस टक्के टिंट (फिकट छटा) पुरतो, हिरव्यालाही हलकाच ठेवा. अक्षर शुद्ध काळ्यात, चार रंगांचा काळा नको. काळं ओव्हरप्रिंटवर ठेवा, म्हणजे पट्ट्यात अक्षराच्या आकाराचं भोक पडत नाही. भोक पडलं आणि रजिस्टर (रंगांची एकावर एक जुळणी) केसभर हललं तर प्रत्येक नुक़्त्याभोवती (अक्षराच्या ठिपक्याभोवती) पांढरी कड दिसते.

आणि पट्टा पारदर्शक करून ओळींचं झाकणं टाळायचा विचार कोणी करत असेल तर आधी प्रेसला विचारा. पीडीएफ-एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रकार) मागणाऱ्या प्रेसला पारदर्शकता चालत नाही, एक्स-४ ला चालते. टेकमास्तरांनी ओळअंतर वाढवायला सांगितलं ते कुठेही चालेल.

महालकर:

फार मोलाचं, धन्यवाद. आणखी एक विचारायचं राहिलं. बाईंची इच्छा आहे की स्वस्त, फक्त काळ्या शाईची आवृत्तीही निघावी, म्हणजे मोमीनपुऱ्यातल्या आणि खेड्यातल्या वाचनालयांना परवडेल. त्यात पिवळा आणि हिरवा कसा दाखवायचा? पंधरा टक्के करडा आणि तीस टक्के करडा?

ऑफसेट_इतवारी:

करडा नको. एका शाईत टिंट म्हणजे बारीक ठिपक्यांची स्क्रीन. त्यावर उर्दू छापली तर स्क्रीनचे ठिपके आणि नुक़्ते एकमेकांत मिसळतात. बे, पे, ते, से यांच्यातला फरक नुक़्त्यांवर आहे. वाचनालयात त्या पानाची झेरॉक्स निघणार, मग तर एकही नुक़्ता खात्रीनं वाचता येणार नाही.

कामठी_लाईन:

अगदी बरोबर. काळ्या आवृत्तीत पट्ट्याच्या जागी चौकट घ्या. नव्या शब्दाला चारही बाजूंनी अर्ध्या पॉइंटची रेघ, क्रियापदाला फक्त वर आणि खाली. तुमचा स्ट्रट आहेच, चौकटी सगळ्या एका उंचीच्या येतील. खालची रेघ नुक़्त्यांच्या खाली राहील एवढी खोली ठेवा. पे आणि चे यांचे तीन नुक़्ते सगळ्यात खाली जातात, ते पाहून घ्या.

महालकर:

मॅक्रोमध्ये एक खूण ठेवतो, रंगीत आवृत्तीला पट्टा आणि काळ्या आवृत्तीला चौकट. यादी तीच राहील. सीताबर्डीच्या धड्यात नाव उर्दू लिपीतच लिहायला बाई तयार झाल्या आहेत. सोमवारी दोन्ही आवृत्त्यांची नमुना पानं काढून कामठीला घेऊन जातो, आणि बाईंच्या वर्गातले लोक ती कशी वाचतात ते इथेच लिहितो.